तिसरी तार

"तासभर उताणं पडून राहता येईल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तासभर काय, दोन तास पडेन की!" वेल्डर धडधडीत खोटं बोलला.

शेजारी उभ्या असलेल्या बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं. गेले कित्येक दिवस तो खुर्चीत बसूनच झोपत होता. आडवा झाला की जीव कासावीस व्हायचा. पण तिनेही त्याचं खोटं उघडं पाडलं नाही. आज ऑपरेशन न करता मागे फिरलो तर पुढे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याचं हृदय थकलं होतं आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींशी फटकून वागत होत्या. उजवी वेळेवर आवळायची, डावी मागून रेंगाळत यायची. रक्त नीट पुढे ढकललं जात नव्हतं, फुप्फुसात पाणी साचत होतं. पेसमेकरच्या दोन तारा उजव्या बाजूला बसवायच्या आणि तिसरी मागच्या शिरेतून डाव्या बाजूवर न्यायची, म्हणजे दोन्ही बाजू एकदम आवळतील, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. बधिर फक्त खांद्याखालची जागा करणार होते. तो जागाच राहणार होता.

पहिल्या दोन तारा सहज बसल्या. तिसरी मात्र हट्टाला पेटली. शिरेत शिरायची, की लगेच निसटायची. वेल्डरला छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटू लागलं. बोललो तर हे सगळं थांबवतील, या धास्तीने तो दातांवर दात दाबून पडून राहिला. घशाशी आलेला खोकला त्याने गिळला.

"डॉक्टर, ऑक्सिजन उतरतोय," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरांचे हात जागच्या जागी थांबले. "दम कधीपासून लागलाय?"

त्याने नजर छताकडे वळवली.

"मी तुम्हाला विचारतेय!"

"पडल्यापासून," तो कसाबसा म्हणाला. "पण थांबू नका. पाया पडतो तुमच्या."

"तार आत असताना जोरात खोकला असतात तर शीर फाटली असती. मग तुमच्या या शूरपणाचं काय लोणचं घालायचं होतं का?"

सिस्टरने टेबलाची डोक्याकडची बाजू वर केली, ऑक्सिजन वाढवला, पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं. मशीनची टिकटिक चालू होती. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला.

"शेवटचा प्रयत्न," डॉक्टर म्हणाल्या. "दम लागला की बोलायचं. कबूल?"

"कबूल."

या वेळी तार गेली. त्यांनी करंट सोडला, आणि वेल्डरचं पोट ठोक्याठोक्याला उडू लागलं.

"उचकी लागली," तो म्हणाला. "बायको आठवण काढत असेल."

"दर ठोक्याला? भलतंच प्रेम आहे!" मास्कआड डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "तार श्वासाच्या नसेला चिमटे काढतेय. हलवावी लागेल."

"राहू द्या हो. सोसेन मी."

"जन्मभर?"

त्यांनी तार मागे ओढली. एवढ्या मुश्किलीने मिळालेली जागा हातची गेली, तर? तार शेजारच्या बारीक फाट्याशी अडली, वळली, आत सरकली. पुन्हा करंट. पोट शांत. पडद्यावरची ठोक्याची पसरट लाट एकदम अरुंद झाली; दोन्ही बाजू एकदम आवळत होत्या.

"दम?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे. पण मघापेक्षा कमी."

या वेळी तो खरं बोलत होता.

चमत्कार काही झाला नाही. बरेच दिवस झोपताना दोन उशा लागल्या, जिना चढताना मध्ये टेकावं लागलं. आणि त्या करंटने पेसमेकर बिघडू शकतो म्हणून वेल्डिंगच्या मशीनजवळ जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. मग त्याच्याच हाताखाली काम शिकलेल्या त्याच्या मुलीने वर्कशॉप हातात घेतलं.

एके दिवशी तो चालत तिथवर गेला. तिने मास्क वर केला. "बाबा, गेटच्या आत यायचं नाही!"

"इथून काही दिसत नाही मला!"

"मग ऐका नुसतं."

तो गेटबाहेर स्टूल टाकून बसला. ठिणग्यांचा करकर आवाज कान देऊन ऐकला आणि रस्त्यावरची माणसं दचकतील एवढ्या जोरात ओरडला, "करंट कमी कर!"

मुलीने मशीन बंद केलं आणि धावत गेटशी आली. "एवढं कशाला ओरडायचं? धाप लागली का?"

त्याने थांबून स्वतःचा श्वास बघितला. "नाही लागली," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.