घडीवरची वस्ती

"पिशवी उघडा," कुलूपराव म्हणाले.

"अहो काका, सकाळी आत येताना उघडून दाखवली की!"

"येताना काय आणलंत ते बघितलं. जाताना काय नेताय ते बघायला नको?"

बाईंनी हसून पिशवी टेबलावर उपडी केली. पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, लॅपटॉप, चष्म्याचं घर, दोन पेन्सिली. कुलूपरावांनी डबासुद्धा उघडून पाहिला. आता टेबलाएवढा नकाशा जेवणाच्या डब्यात मावेल का? नाही मावणार. पण एकदा मनात पाल चुकचुकली की माणूस डबाही उघडतो आणि चष्म्याचं घरही.

कुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीतल्या मंडळींनी ते त्यांच्या पाठीमागं ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते आवडायचं. जिल्ह्याचे जुने नकाशे ज्या खोलीत ठेवलेले होते, तिच्या किल्ल्या सदैव त्यांच्या कमरेला. नकाशा बघायचा तर आधी हात धुवायचे, मग पांढरे हातमोजे चढवायचे, शाईचं पेन बाहेर ठेवायचं. मोठ्या साहेबांनाही यातून सूट नव्हती. कोणी चुकून उघडं बोट पुढं केलं की कुलूपराव तिथूनच ओरडत, "बोट! बोट! तुम्ही जाल घरी, तेलाचा डाग राहील इथं!"

आणि अशा या खोलीत ही विद्यापीठातली बाई रोज येऊन बसत होती. काम काय, तर म्हणे शंभर वर्षांत इथला ग्रामीण भाग कसा बदलला याचा अभ्यास. जुन्यावर नवा नकाशा ठेवून बघायचं, रान कुठं होतं, शेत कधी झालं, ओढा कुठून वळवला, रस्ता कुठून गेला. कुलूपरावांना यातलं अवाक्षर पटलेलं नव्हतं. जो ओढा आता नाहीच, त्याचा अभ्यास करून कोणाचं काय भलं व्हायचंय? ही कुठल्यातरी कंपनीची माणूस. आधी अशी गोड बोलणारी पोर पाठवायची, जमिनी कुणाच्या, कुठून कुठपर्यंत, ते काढून घ्यायचं, आणि मग एक दिवस मोजपट्ट्या घेऊन हजर! त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पुरावाही मिळत होता. बाई नकाशे बरेच मागायच्या, पण फिरून फिरून यायच्या त्या एकाच नकाशावर, ईशान्य कोपऱ्याच्या. त्या घरी गेल्या की कुलूपराव केराची टोपली तपासायचे. एकदा त्यांना एक चुरगळलेला कागद सापडला. त्यावर पेन्सिलीनं एक गोल काढलेला आणि आत प्रश्नचिन्ह. बस! कुलूपरावांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. सापडली म्हटलं चोर.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच हाक मारली.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारल्याशिवाय कसं सांगू?"

"हे बघा." बाईंनी लॅपटॉप वळवला. "हा याच भागाचा सगळ्यात जुना नकाशा. राजधानीतल्या संग्रहालयात त्याची एक चांगली प्रत आहे, तिचा हा फोटो. इथं, ओढ्याच्या वळणावर, वस्ती दिसतेय? सात घरं, एक विहीर. आता हा तुमच्याकडचा, त्यानंतरचा. तिथं काय आहे?"

कुलूपरावांनी वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. कोरा कागद.

"वस्ती उठली असेल," ते म्हणाले.

"नाही ना! मी गेले होते तिथं. शेजारच्या गावातले म्हातारे सांगतात, हा नकाशा झाल्यावरही कितीतरी वर्षं तिथं माणसं राहत होती. पण पुढचे सगळे नकाशे याच्यावरून छापले. रस्ता आखला तो नकाशा बघून, वस्तीपासून लांबूनच गेला. वीज गेली रस्त्याच्या कडेनं. शाळा नाही, काही नाही. शेवटी कंटाळून उठली माणसं." बाईंनी आवाज खाली आणला. "मला वाटतं, कुणीतरी मुद्दाम पुसलीय. कुणाच्या तरी फायद्याची असेल ती जमीन. हा नकाशा उतरवला कुणी, ते कळेल का? कोपऱ्यात सही आहे बघा, मुंगीएवढी."

कुलूपरावांना सही बघायची गरजच नव्हती. तीच सही कचेरीच्या दारात काचेच्या चौकटीत लावलेल्या मोठ्या नकाशावरही होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतः थांबवून दाखवायचे, "बघा, याला म्हणतात हात!" ती त्यांच्या वडिलांची सही होती. वडील याच कचेरीत अनुरेखक होते, म्हणजे जुन्या नकाशावर अर्धपारदर्शक कागद ठेवून नवा नकाशा उतरवणारे.

"नाही बुवा," कुलूपराव किल्ल्या चाळवत म्हणाले. "जुनी माणसं. आता कोण सांगणार?"

आणि तेवढंच नव्हतं. ओढ्याच्या वळणावरची ती वस्ती म्हणजे त्यांच्या आईचं माहेर.

बाई दाराबाहेर पडताच त्यांनी तो नकाशा उचलला आणि रद्द झालेल्या नकाशांच्या खणात, पार तळाशी सरकवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्या तपासणारा माणूस! खणाला कुलूप लावलं, आणि लागलंय का ते दोनदा ओढून पाहिलं.

घरी आई दिवेलागणीला बटणं लावत बसली होती. ऐंशी कधीच ओलांडलेली, दिसायचं बेताचं, तरी मुलाच्या शर्टाला बटण दुसऱ्या कोणी लावलेलं तिला चालायचं नाही. सून देवाघरी गेल्यापासून तर नाहीच नाही. मांडीवर पत्र्याचा जुना डबा होता, तऱ्हेतऱ्हेच्या बटणांनी भरलेला.

"सुईत दोरा ओवून दे रे," ती म्हणाली. "तुझ्या बापाची एक तऱ्हा, कॉलरला सुई खोचून हिंडायचा. शर्ट धुताना दर वेळी माझ्या बोटात घुसायची."

कुलूपरावांनी दोरा ओवला आणि ताट वाढून घेऊन तिच्यासमोर जेवायला बसले. मग उगाच खोकले.

"आई, बाबांचं आणि आजोबांचं नेमकं काय बिनसलं होतं गं?"

आईनं मान वर केली. संशय हा त्या घरातलाच गुण होता. "आज कुठून आठवलं तुला?"

"सहज."

"तू सहज काही विचारत नाहीस. कोण काय बोललं?"

"कोणी नाही गं! सांग ना."

"काय सांगायचं? लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं. भरल्या घरात माझे वडील बोलून गेले, जावई काय करतो, तर रेघा ओढतो, त्याही दुसऱ्याच्या रेघांवरून! झालं. हा भरल्या ताटावरून उठला तो उठलाच. परत पाऊल नाही टाकलं. मला फाट्यापर्यंत सोडायचा आणि तिथूनच मागं फिरायचा. माझा भाऊ मेला, तेव्हासुद्धा फाट्यावर उभा राहिला उन्हात."

म्हणजे हेच ते. बाई म्हणते तसं मुद्दामच. जमिनीसाठी नाही, अपमानासाठी. ज्या हाताची ते उभी हयात वाखाणणी करत आले, त्या हातानं बायकोचं माहेर नकाशातून उडवून लावलं. आणि हे उद्या विद्यापीठाच्या पुस्तकात छापून येणार, कोणीतरी येऊन आईला वाचून दाखवणार!

"खरं सांगू?" आईच पुढं बोलायला लागली. "त्याचं मला एवढं वाईट नाही वाटलं. पुढं एकदा केलं ना, ते लागलं."

"काय केलं?"

"एक दिवस कामावरून आला, आणि हाच डबा घेऊन ओतला जमिनीवर. म्हणाला, बस, तुझं माहेर मांडून दाखव. विहीर कुठं, कुणाचं घर कुठल्या अंगाला. मी कणीक टाकून बसले की! मला वाटलं, पाघळला गडी. आता जाणार, भांडण मिटवणार. मोठं काळं बटण विहिरीला ठेवलं, बाकीची घरं. बघत बसला, टक लावून. मग उठला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी चकार शब्द नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी आपली वाट बघतेय." तिनं दोरा दातानं तोडला. "चेष्टा केली रे माझी. एवढं हरखून मांडलेलं बघून मनात हसला असेल. तो गेला तरी मला ते विसरता येत नाही."

कुलूपरावांचा हात ताटातच राहिला. बटणं. आणि कॉलरला खोचलेली सुई.

सकाळी कचेरीचं दार उघडायला शिपाई आला, तेव्हा कुलूपराव पायरीवर बसलेले होते. बाई आल्या तेव्हा टेबलावर दोन नकाशे पसरलेले.

"दुरुस्तीहून आला वाटतं?" बाईंनी विचारलं. "काल जाताना मी वळून पाहिलं, तेव्हा तुम्ही तो उचलून नेत होतात."

"दुरुस्तीला नव्हता नेला. लपवला होता."

"माहीतय मला."

"कसं काय?"

"सहीचं विचारलं तेव्हा किल्ल्या चाळवत होतात. खोटं बोलताना तुम्ही किल्ल्यांशी खेळता, काका."

कुलूपरावांनी कमरेवरचा हात चटकन काढला. "ती सही माझ्या वडिलांची आहे," ते म्हणाले. "आणि ती वस्ती माझ्या आजोळची. आता काय लिहायचं ते लिहा, पण आधी बघून लिहा. तुम्ही पाहिलात तो फोटो चांगल्या प्रतीचा. आमची प्रत ही. वर्षानुवर्षं घडी घालून खोक्यात पडलेली."

मागून कापड चिकटवलेल्या त्या जुन्या नकाशाच्या मधोमध घडीची रेघ होती, आणि ओढ्याच्या वळणावर, दोन घड्या जिथं एकमेकींना छेदत होत्या, तिथं कागद झिजून नुसतं कापड उरलं होतं.

"अगंबाई!" बाई पुटपुटल्या. "मी फोटोवरच काम करत होते. हिच्याकडं नीट पाहिलंच नाही."

"अनुरेखकांचा नेम असायचा. खाली दिसतं तेवढंच वर शाईनं उतरवायचं, डोक्यातलं काही घालायचं नाही. वडील म्हणायचे, डोकं घरी ठेवून कामावर यायचं. आणि जिथं शंका असेल तिथं सुईनं टोचून ठेवायचं. मोजणीदार जागेवर जाऊन बघून येणार, मग शाई." त्यांनी वडिलांनी उतरवलेला नकाशा मोजे घातलेल्या हातांनी उचलला. "या, ते टोक धरा. खिडकीकडं."

उन्हासमोर धरल्यावर कागद पिवळसर उजळला, आणि ओढ्याच्या वळणावर, त्या कोऱ्या जागेत, बारीक बारीक भोकं चमकायला लागली. सात, आणि त्यांच्या मध्ये एक मोठं.

बाईंनी ओठ हलवत ती पुन्हा मोजली.

"मग मोजणीदार गेलाच नाही?" बाईंनी विचारलं.

"नसेल गेला. आडबाजूची वस्ती, कोण जातंय?"

"पण तुमचे वडील? त्यांना तर माहीत होतं. ते स्वतः एखाद्या रविवारी—"

नकाशा टेबलावर अलगद ठेवून कुलूपराव म्हणाले, "तुमची गाडी आहे ना बाहेर? माझ्या आईला आणायचंय."

आई आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "ही कोण? मला कशाला आणलंय? कुठं अंगठाबिंगठा द्यायचा नाही हं मी!" बाईंनी तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. मग दोघांनी दोन टोकं धरून नकाशा तिच्या अगदी डोळ्यांसमोर उभा केला. "बाबांनी उतरवलेला आहे हा," कुलूपराव म्हणाले, "जागेवर जाऊन बघायचं राहिलं तिथं सुई टोचलीय."

आधी तिला काही कळेना. मग ती पुढं वाकली.

"विहीर," ती म्हणाली. "ही विहीर. हे दादाचं घर. हे मोठ्या काकांचं, हा त्यांचा..." ओठ नुसतेच हलत राहिले. मग एकदम म्हणाली, "हे चुकलंय. धाकट्या काकांचं घर विहिरीच्या पलीकडं होतं. अलीकडं कसं आलं?" ती थांबली. "अरे देवा. ते बटण घरंगळलं होतं. मी म्हटलं, राहू दे, तिथं गेला की दिसेलच याला!"

तिचे डोळे भरून आले, आणि रागही आला, दोन्ही एकदमच. "म्हणजे हे करत होता! मग बोलायला काय झालं होतं तोंडानं? बसून एवढं टोचलं, आणि फाट्यापासून चार पावलं पुढं जाऊन बघून येववलं नाही. हट्टी माणूस! सगळी वस्ती बुडाली, पण याचा हट्ट नाही बुडाला."

कुलूपरावांचे हात नकाशा धरून भरून आले होते, पण त्यांनी तो खाली केला नाही.

"आजी," बाईंनी हळूच विचारलं, "तुमचं घर कुठलं?"

आईनं पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला. सुरकुतलेलं, उघडं, डोळ्यांच्या पाण्यानं ओलं बोट नकाशाकडं निघालं. कुलूपरावांच्या तोंडात शब्द आला होता. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

बोट विहिरीच्या वरच्या अंगाला एका टिंबावर टेकलं, आणि त्या टिंबातला उजेड गेला.

"हे आमचं," ती म्हणाली. मग तिनं बोट तसंच ठेवलं, आणि काढ म्हणणारं तिथं कोणी उरलं नव्हतं.