झडतीवाले अण्णा

अण्णांनी खोलीत पाऊल टाकलं न टाकलं तोच सूनबाईनं लॅपटॉप मिटला. इतक्या झटक्यात, की अण्णांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच.

"काय गं, संपलं काम?"

"नाही, चहा टाकते जरा."

चहा म्हणे! असल्या बहाण्यांना भुलायला अण्णा काय काल नोकरीला लागले होते? उभा जन्म त्यांनी कारखान्याच्या फाटकावर कामगारांची झडती घेण्यात घालवला होता. पाळी सुटली की माणसं रांगेनं हात वर करून यायची आणि अण्णा खिसे, डबे, चपलांचे तळ चाचपून बघायचे. पितळेचे तुकडे दडवणारे महाभाग ते नुसत्या चालीवरून ओळखत. पाठीमागे सगळे त्यांना 'झडती' म्हणायचे. अण्णांना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

अशा माणसाच्या घरात कुणी चोरून काही करावं? सूनबाई कार्टूनचे सिनेमे बनवणाऱ्या कंपनीचं काम घरूनच करायची. पण हल्ली तिचं लक्ष कामात कमी आणि सासऱ्यावर जास्त. अण्णा जिना चढत असले की ही दारात. अण्णा भाजी निवडायला बसले की हिचा मोबाइल त्यांच्यावर रोखलेला. विचारलं तर म्हणायची, "सहज हो!" सहज! अण्णांनी हिशेब जुळवला. थरथरता हात, अडखळती चाल, सगळं टिपून नवऱ्याला दाखवणार आणि म्हणणार, यांचं आता घरी होणं कठीण, कुठेतरी सोय बघू. त्या विचारानं अण्णांना घास गोड लागेना.

एका दुपारी ती कुरियर घ्यायला खाली गेली आणि लॅपटॉप उघडाच राहिला. अण्णांनी सवयीनं तळवे पँटला पुसले आणि बटण दाबलं.

पडद्यावर किल्ल्याचं फाटक होतं. समोर गाठोडं घेतलेली एक मुलगी. काळ्या डगल्यातला, लांब नाकाचा पहारेकरी तिच्याकडे चालत आला आणि अण्णा पडद्याजवळ वाकले. डावा खांदा खाली टाकून चालणं त्यांचं होतं. मान तिरकी करून बघणंही त्यांचंच. गाठोड्याला हात लावण्याआधी त्या माणसानं दोन्ही तळवे डगल्याला पुसले. मग गाठ सोडली, आणि मुलगी रडायला लागली.

"अण्णा..." सूनबाई दारात उभी होती.

"माझ्याच घरात बसून मला राक्षस केलंस?" अण्णांचा आवाज चिरकला.

तिनं हातातलं खोकं खाली ठेवलं. माफी मागितली नाही.

"राक्षस आधीचा पहारेकरी होता, अण्णा. दात विचकायचा, आरडाओरडा करायचा. कंपनीत मुलांना बोलावून दाखवला तर खो खो हसली. साहेब म्हणाले, आपण वाईट आहोत हे ज्याला स्वतःलाच कळतं, त्याला कोण घाबरणार? मग मला तुम्ही आठवलात. दुसऱ्याची वस्तू मळू नये म्हणून तुम्ही आधी हात पुसता ना, ते त्याला दिलं. मुलं एकदम गप्प झाली. एकीनं विचारलं, हा चांगला आहे का?"

"मग? काय सांगितलंस?"

"काही नाही."

"मग आता सांग! इमानानं नोकरी केली मी. एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही. त्यात वाईट काय?"

"मी बाहेरून आले की पर्स उघडी करून टेबलावर ठेवते, अण्णा. मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर एकदा तुम्हाला ती उघडून बघताना पाहिलं, तेव्हापासून ठेवते."

अण्णा मटकन खुर्चीत बसले. ती उघडी पर्स त्यांनी रोज पाहिली होती. पोरीला वळण चांगलं आहे, असंच ते इतकी वर्षं समजत आले होते. लाज वाटली त्यांना, आणि ती लपवताही येईना.

"आणि मला वाटलं, तू मला कुठेतरी नेऊन ठेवणार."

"अहो, काहीतरीच काय!" तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

अण्णांनी पडद्यावरच्या पहारेकऱ्याकडे बोट केलं. "शेवटी काय होतं त्याचं?"

"बुरुजावरून पडतो. असं साहेबांचं म्हणणं."

"छे! हा पडणारा माणूस नव्हे. हा बाजूला होईल. जाऊ देईल तिला."

"कसा? करून दाखवता?"

अण्णा उठून दारात उभे राहिले. सूनबाईनं पर्स खांद्याला लावली, चेन ओढून बंद केली आणि त्यांच्या दिशेनं आली. अण्णांचे हात आपसूक पुढे निघाले. त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले आणि चौकटीला चिकटून वाट मोकळी केली.

ती तिथेच थांबली. "आणि नजर? गाठोड्यावर?"

"नाही. तोंडाकडे बघेल," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मान वर केली.

सूनबाईच्या कानापाशी केसांची एक बट पार पांढरी झाली होती. ती कधी पिकली, अण्णांना सांगता येईना.