निजलेल्या कंदाची कुंडी

मित्रांनो, बहरलेल्या झाडावर कोणीही प्रेम करते. परंतु ज्या ऋतूत झाड काहीच देत नाही, त्या ऋतूतही त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे राहू देणे, ही माया फार थोड्यांना साधते. मी ती जवळून पाहिली आहे.

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. कुंभाराच्या चाकावर आकार घेऊन आणि भट्टीत तावून निघून मी एका घराच्या गच्चीवर आले. तेथील सासूबाईंची पारख वंदनीय होती. पावसाळ्यासाठी त्या तेरडा निवडीत, हिवाळ्यासाठी पिटुनिया आणि उन्हाळ्यासाठी ऊन चढल्यावर उमलणारे ऑफिसटाइम. ऋतूशी भांडून आणलेले एकही रोप तेथे नसे. माझ्या पोटात मात्र लिलीचा एकच कंद होता. तो त्यांच्या दिवंगत आईने दिलेला. त्याचे दुसरे भावंड उरले नव्हते. उन्हाळ्यात तो लालबुंद फुलांनी बहरे, हिवाळ्यात पाने गाळून मातीखाली निजे. तेव्हा सासूबाई मला आडोशाला कोरडी ठेवीत.

एका हिवाळ्यात त्या लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या. नव्या सूनबाईंना माझी उघडी माती पाहवेना. सासूबाई परतल्या आणि माझी ओली कड पाहून थबकल्या.

"हिला पाणी घातलंस?"

"रोज! एक दिवस चुकवला नाही, आई. तुम्ही याल तेव्हा हिरवंगार दिसावं म्हणून."

सासूबाईंनी माती उकरली. कंद अर्धा कुजला होता.

"हा तुमच्या आईंचा ना? काय करून बसले मी!" सूनबाईंचे डोळे भरून आले.

सासूबाईंनी हाताची माती झटकली. मग म्हणाल्या, "अगं, गाढ झोपलेल्याला कोणी चहा पाजतं का? तुझ्या नवऱ्याला पाजून बघ, घर डोक्यावर घेईल! ऊठ, धारदार चाकू आण. कुजलेलं तूच काप."

"मी?"

"मग कोण? पुढे तुलाच सांभाळायचाय."

सूनबाईंनी कुजका भाग कापला, जखमेवर राख लावली, कंद सावलीत सुकवला आणि कोरड्या मातीत पुन्हा निजवला. मग मात्र त्यांनी झारीला हात लावला नाही. पाणी न घालता वाट पाहणे त्यांना किती जड गेले, ते मी पाहिले आहे.

उन्हाळ्यात फूल आले नाही. एक कोवळे पान तेवढे वर आले. सासूबाईंनी कठड्यावरून शेजारणीला हाक मारली, "अहो, वर या! आमच्या सूनबाईंचं पान बघा!"

मित्रांनो, झाडाला काय हवे ते आधी जाणा, मगच हात पुढे करा. जिने चूक पोटात घातली आणि जिने ती निस्तरली, त्या दोघींचे कल्याण असो. त्यांच्या छायेत सारे ऋतू सुखाने नांदोत.