वास नव्हता

"पुन्यांदा वढलंस ना? खरं सांग, मुंज्या!" बबितानं त्याला दंडाला धरून गदागदा हलवलं.

"न्हाई आक्का," मुंजाजी म्हणाला. शब्द जिभेवरच लोळले. डोळे अर्धे मिटलेले होते.

"मंग हे काय? खोटं बोलायलास. मर तिकडं!"

जिंतूरला परभणी रोडवरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये दोघं तीन वर्षांपासून झोपत. ती एकोणीसची, तो सतराचा. नातं काही नव्हतं. तो आक्का म्हणे, तेवढंच. पंक्चरचं सोलुशन फडक्यावर ओतून हुंगायची सवय दोघांनाही होती. आधी तिनं सोडली. त्यालाही आता सात महिने होत आले होते.

तिनं रागानं बाटलीभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. पहाटे तो पोट धरून कण्हत होता, तेव्हा तिनं कूस बदलली होती.

समोरच्या टपरीवरून तानुबाई चहा घेऊन आली. पहिला घोट आत गेलाच नाही; नाकावाटे बाहेर आला.

"अगं माय! पोरगं गिळंना की," तानुबाई म्हणाली.

बबितानं खाली वाकून त्याचं तोंड हुंगलं. मग सदरा, मग बोटं. तो गोडसर, डोक्यात चढणारा वास तिनं झोपेतही ओळखला असता. कुठंच नव्हता. ती रस्त्यावर धावली आणि एक रिक्षा थांबवली.

रिक्षावाला खाली उतरलासुद्धा नाही. "सोलुशनवाले हायत हे. गाडीत वकंल. दुपारपस्तोर उतरंल त्याची."

"दादा, वास घ्या की! वासच न्हाई त्याला!"

रिक्षा निघून गेली. तानुबाईनं दूधवाल्या बन्सीधरची मोटारसायकल रस्त्यात आडवी उभी राहून थांबवली. "कॅन उतरव खाली. म्या बघते दुधाकडं. घे पोराला."

मुंजाजीला मध्ये बसवून बबितानं मागून कवटाळलं. त्याची पाठ तिच्या छातीला लागली होती. पाठीची हालचाल कमी कमी होत चालली होती आणि ते फक्त तिलाच कळत होतं.

"काय घेतलंय यानं?" जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात महानंदा सिस्टरनं विचारलं.

"कायच न्हाई. वास घ्या, मॅडम. तुमीच घ्या."

सिस्टर खरोखरच वाकली. मग तिनं बोटानं त्याची पापणी वर केली आणि सोडली. पापणी पडली.

"रात्री कुठं झोपला होता?"

"जिमिनीवर. आमी तिथंच झोपतो."

"पोट दुखत होतं?"

"पहाटं. लय."

"डॉक्टर, लवकर या!" सिस्टर ओरडली. "मण्यार दिसतेय!"

मण्यारीचा दंश मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही. खूणही बहुतेकदा सापडत नाही. विष आधी पापण्या धरतं, मग जीभ, मग घसा, शेवटी छाती.

सलाइनमधून औषध सुरू झालं, तरी छाती थांबलीच. घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा लावला. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये सिस्टरचे दोन्ही हात सलाइन आणि नाडीत अडकलेले. फुगा बबिताच्या हातात आला.

"दाब, सोड. पाच मोज, परत दाब. हात भरून आला तर सांग, पण थांबू नको."

"त्याला काय ऐकू येतंय का, मॅडम?"

"सगळं ऐकू येत असणार. शुद्धीवर आहे तो. पापणी तेवढी उचलता येत नाही."

बबिताचा हात अडला. सकाळपासून आपण काय काय बोललो, ते सगळं तिला आठवलं.

"दाब!" सिस्टर खेकसली.

तिनं दाबला. त्याची छाती वर आली, खाली गेली. इतका वेळ ती मनात मोजत होती. आता ती त्याच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं मोजू लागली. आतल्या अंधारात त्याला निदान एवढं तरी कळावं, की पुढचा श्वास कधी येणार आहे.

"एक… दोन… तीन… च्यार… पाच. आला बघ. एक… दोन…"

वाटेतली बोरी मागं पडली. झरी आली. तिचा घसा बसला होता. नुसते ओठ हलू नयेत म्हणून ती एकेक आकडा ढकलून बाहेर काढत होती.