येते म्हणावं

हरणाबाईंच्या घरात कुणी कधी 'जातो' म्हणत नसे. रानाला निघालेला 'येतो' म्हणे, बाजाराला निघालेला 'येतो' म्हणे, आणि रुसून निघालेला पाहुणासुद्धा 'येतो' म्हटल्याशिवाय त्यांच्या दारातून सुटत नसे. तशी ही रीत घरोघरची. पण हरणाबाईंचा एकुलता एक लेक बिराप्पा फौजेत, सीमेवर. म्हणून वडूजच्या त्या घरात हा शब्द देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जपला जाई. सुट्टी संपवून निघताना बिराप्पा हसायचा, "आये, येतो. झालं? का लिहून देऊ?" त्या म्हणायच्या, "आजून एकदा म्हन."

त्यांची सून प्रांजल सांगलीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि राहायला एका खोलीत चौघी. तिथं लेकरू ठेवणार कुठं? म्हणून अडीच वर्षांची सृष्टी आजीपाशी. शनिवारी संध्याकाळी प्रांजल यायची आणि रविवारी दुपारी विट्याला गाडी बदलून परत. नोकरी लागली तेव्हा गल्लीतल्या बायका कुजबुजल्या होत्या. त्यांच्यासमोर हरणाबाई म्हणाल्या होत्या, "जा बिनघोर. पोर माझ्यावर टाक." त्या एका वाक्यावर प्रांजल सांगलीत उभी होती.

निघायची रीतही हरणाबाईंचीच. "लेकराची नजर चुकवून जावं. रडवून जाऊ न्हाई." दुपार झाली की त्या सृष्टीला कडेवर घ्यायच्या. "चल, कोकरू बघू. कोकरू दूद पितंय." त्या मागच्या वाड्याकडे गेल्या की पुढच्या दारात प्रांजल पिशवी उचलायची, घराला 'येते' म्हणायची, मागच्या वाड्यातनं हरणाबाईंचं "ये, बाई" यायचं, आणि ती पळायची. मागं वळून बघायची सोय नसायची. वळलं की पाय निघत नाही.

मग फोनचं सुरू झालं. सृष्टी फोनवर गोड बोलायची. कोंबडीचं सांगायची, पायाला काटा लागल्याचं सांगायची. पण शेवटी प्रांजल म्हणाली, "सृष्टे, मम्मी शनिवारी येते हं!" की पलीकडे पोर टाहो फोडायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग दर वेळी. हरणाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. "तू येते म्हनलीस की पोर फुटतंय गं. कुनाची तरी नजर हाय." शेजारची अंजनाकाकू तर तोंडावरच म्हणाली, "आईलाच परकी झाली की पोरगी!" ते प्रांजलला आत कुठंतरी रुतलं. दवाखान्यात लोकांच्या लेकरांना सुई टोचताना, ती लेकरं तिच्याच गळ्यात पडून रडताना, तेच आठवायचं.

त्या शनिवारी ती घरी आली. आभाळ दाटलं म्हणून दोरीवरचे कपडे काढायला उठली आणि सहज म्हणाली, "आले हं, लगेच येते."

सृष्टीनं हातातली वाटी टाकली आणि दोन्ही हातांनी तिचा गाऊन धरला. "येते नको! मम्मे, येते नको!"

प्रांजल तिथंच खाली बसली. बाहेर कपडे भिजले, कुणी उठलं नाही. तिला आता सगळं दिसत होतं. मागच्या वाड्यात कोकरापाशी उभ्या पोरीला पुढच्या दारातला तो शब्द दर वेळी ऐकू जात होता. आणि ती परत येऊन बघे तर आई नाही. 'येते' म्हणजे आई नाहीशी व्हायचा शब्द! आणि हाच शब्द आपण आठवडाभर लाडानं फोनवर तिच्या कानात घालत होतो.

"चल माझी बाय, कोकरू बघू," हरणाबाई समजूत घालायला पुढं झाल्या.

सृष्टीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं. "कोकरू दूद पीत न्हाई," ती म्हणाली.

रविवारी हरणाबाई भाकरी थापत होत्या. प्रांजल जवळ जाऊन बसली. "आत्या, आज मी तिच्यासमोरनं निघणार. जाते म्हणून सांगणार."

हरणाबाईंचा हात थांबला. "काय म्हनून?"

"तिला खरं कळायला पाहिजे."

"मग सांग की. काम हाय म्हन, गाडी आली म्हन. रडली तर रडू दे, मी हाय. पर त्यो शबुद ह्या उंबऱ्यात नको, बाई. माझं लेकरू तिकडं बंदूक धरून उभं हाय."

"आणि माझं हिथं माझा गाऊन धरून उभं आहे, आत्या."

तव्यावरची भाकरी करपली.

दुपारी प्रांजल उंबऱ्यात सृष्टीसमोर उकिडवी बसली. आत्यांचं तेवढं ऐकायचं, तो शब्द टाळायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. "सृष्टी, मम्मी कामाला चालली हं. गाडी आली."

सृष्टीनं तिचा हात घट्ट धरला आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग विचारलं, "येते?"

'हो' म्हणावं तर पोरीच्या लेखी आई नाहीशी. 'नाही' म्हणावं तर खोटं. प्रांजलनं एकदा सासूकडे पाहिलं. हरणाबाईंनी हात जोडले होते.

"नाही सोन्या. जाते. मम्मी आता जाते. शनिवारी दिवे लागले की हिथं असेल. या दारात."

सृष्टीनं एकेक बोट सोडलं. "जा," ती म्हणाली. रडली नाही.

हरणाबाई पाठ फिरवून देव्हाऱ्याकडे गेल्या. दर वेळी म्हणायच्या ते "ये, बाई" त्या म्हणाल्या नाहीत.

विट्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या प्रांजलनं बिराप्पाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्यात नवल नव्हतं. तो वरच्या चौकीवर असला की आठवडा आठवडा फोन लागायचा नाही, आणि ती कधी घाबरली नव्हती. आज तिनं पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग सासूला लावला, तर तो व्यस्त. परत व्यस्त. आत्या कुणाला लावत बसल्यात हे तिला कुणी सांगायला नको होतं.

शेवटी पलीकडनं आवाज आला. "लागला?"

"नाही. तुम्हाला?"

"न्हाई."

स्टँडवर कंडक्टर ओरडत होता. प्रांजलनं दुसरा कान झाकला. "सृष्टी?"

"जेवली. दाराकडं बघत न्हाई बसली आज. कोकरापाशी हाय. येईल त्याला सांगतीय, मम्मी गेली, शनवारी दारात आसनार."

"आत्या, मला तसं..."

"तुला मी काय बोलले का? खरं सांगितलंस, बरं केलंस. पर माझा जीव ऐकत न्हाई, त्याला मी काय करू, सांग."

प्रांजलचाही जीव ऐकत नव्हता.

"ठेव, बाई," हरणाबाईच म्हणाल्या. "त्याचा आला तर लागायचा न्हाई."

'येते हं' ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तिनं फोन ठेवला. सांगलीची गाडी फलाटाला लागली, माणसं खिडक्यांतून पिशव्या टाकू लागली. गर्दीनं तिला आत ढकललं. फोन तिनं तळहातावर उताणा धरला होता.