समईच्या काजळीचा हेवा

मी खेळातल्या मातीचा एक जुना गोळा आहे. जन्मतः मी पिवळा होतो, आता मात्र मला कुणी पिवळा म्हणणार नाही. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी, एका मराठी घरात माझा डबा असतो.

मित्रांनो, मला माती म्हणतात, पण मी पीठ, मीठ आणि पाणी मळून झालो आहे. माझे पूर्वज तर खेळणे नव्हतेच. पूर्वी अमेरिकेत घरोघरी कोळसा जळे आणि भिंतीवरच्या कागदावर काजळी धरे. ओल्या फडक्याने कागद खराब होई, म्हणून त्यावरून हा मऊ गोळा फिरवत. काजळी त्याला चिकटून येई. पुढे कोळसा गेला, धुता येणारे कागद आले आणि माझ्या पूर्वजांना कुणी विचारेना. तेव्हा एका बालवाडीच्या बाईंनी तो गोळा मुलांच्या हाती दिला. मग त्यातला साबण काढून रंग आणि सुवास घातला गेला, आणि आम्ही खेळणे झालो.

अन्वीच्या वाढदिवसाला मी या घरात आलो. सुरुवातीला मी तिच्या मुठीतून सुटत नसे. पण तिची आजी, मनोरमाबाई, पोळ्या करू लागली की ती मला टाकून धावे. आजी तिला थोडी कणीक देई. अन्वी तिची चिमणी करी, आजी ती तव्यावर भाजून देई आणि अन्वी ती गट्ट करी.

"नोख आइने!" अन्वी जर्मनमध्ये आणखी एक मागे.

"नोख-बिख नंतर. आधी तोंडातली संपव, भवाने!"

मी टेबलावर सुकत हे ऐकत असे. कणीक आणि मी एकाच जातीचे, पण मला चाखले की तोंड वाकडे होई. त्या कणकेचा मला फार हेवा वाटे.

गेल्या हिवाळ्यात आजी गेली. घरात विकतच्या पोळ्या येऊ लागल्या. मला वाटले, आता माझी पाळी. पण देवांच्या फळीमागे भिंतीवर एक काळा डाग होता, आजीच्या रोजच्या समईचा. अन्वीची आई, नीलिमा, येता-जाता त्याच्यापुढे थांबे. आजी तिची आई. मला तिने असे कधी पाहिले नव्हते. मी डागाचाही हेवा करू लागलो.

तेवढ्यात घर बदलायचे ठरले. जुने भाड्याचे घर परत देताना भिंती पांढऱ्या करून द्यायच्या होत्या.

"आल्झो, तर मग शनिवारी रंग आणतो," अन्वीचे बाबा श्रीरंग म्हणाले.

"ती भिंत शेवटी घे. आईची समई आहे तिथे."

"समई तर खोक्यात भरली ना, नीलू?"

"भरली. कळतंय मला."

दुसऱ्याच दिवशी अन्वी मला घेऊन खुर्चीवर चढली. खरबरीत भिंतीचा ठसा माझ्यावर उमटवायचा तिचा खेळ होता. तिने मला नेमके डागावर दाबले आणि पूर्वजांची विद्या माझ्या अंगात जागी झाली. मी ती काजळी अधाशासारखी ओढून घेतली. थोडीसुद्धा मागे ठेवली नाही.

"गुक माल, आई! बघ, गेला!"

नीलिमा आली. भिंतीकडे पाहून तिने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवले.

"रागावलीस?" अन्वीने या वेळी मराठीत विचारले.

"नाही गं राणी."

तिने मला हातात घेतले, नाकाशी नेले. माझ्या सुवासावर तेलवातीचा वास चढला होता. मग तिने मला डब्यात ठेवून झाकण घट्ट लावले.

नव्या घरात अन्वीला रंगीत गोळ्यांचा नवा संच मिळाला आहे. त्यांच्याशी ती खेळते, तेव्हा मी फळीवर जळत असतो. नीलिमा अधूनमधून माझ्यावर पाण्याचे थेंब शिंपडते, मला मुठीत धरून उभी राहते. हेच तर मला हवे होते. पण त्या वेळी ती मला धरत नसते, हे मला कळते.

मित्रांनो, खेळून झाल्यावर आम्हाला उघडे टाकू नका. आणि घरातला एखादा डाग पुसण्याआधी, तो कुणामुळे पडला, एवढे जरूर विचारा.