तोरणाखाली पांढरा शेला

मित्रांनो, मी एक म्हातारा बैल आहे. दात झिजले, तणस चावता चावता दुपार होते. पण पोळ्याचं डफडं वाजलं की कान अजून टवकारतात.

माझा जन्म एकोडी गावचा. रंग कोशाच्या पिवळसर रेशमी कापडासारखा. धानाच्या बांध्यांत चिखल तुडवतच मी मोठा झालो. पुढं सरकारी साहेबांनी माझी जोडी विकत घेतली. देश सोडून आलेल्या तिबेटी लोकांची वसाहत, गावाच्या तोंडी 'कॅम्प', तेव्हा अर्जुनीकडच्या जंगलात बसली होती. सरकारनं त्यांना जमीन दिली, घरं दिली, बैल दिले, आणि धान रोवायला शिकवायला शेजारच्या गावचा जागेश्वर नेमला.

आमची जोडी ल्हामोबाईच्या वाट्याला आली. लाल गालांची, हसरी बाई. तिनं तोवर तिबेटात केसाळ याक हाकले होते. पहिल्या दिवशी ती माझ्या कानाशी काहीबाही गुणगुणत राहिली आणि मी चिखलात खांबासारखा उभा!

"ओ ल्हामोबाई," जागेश्वर बांधावरून ओरडला, "त्याले मंतर नाही समजत! हाक मार, हाक!"

हळूहळू ती हाक मारायला शिकली, मी तिचं गुणगुणणं शिकलो. धानही झकास आलं. पण पोळ्याला गावात वाजंत्री वाजे, तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहत, आणि आम्ही कॅम्पातच खुंट्याला. जमीन सरकारला देता येते. तोरणाखालची जागा गावालाच द्यावी लागते.

"इथल्या मातीत राबतो, मंग इथल्या सणात काहून नाही?" ल्हामोबाई विचारी. दोन पोळे असेच गेले. तिसऱ्याला जागेश्वरनं मारोतराव पाटलांचं आवतण आणलंच.

तिनं आम्हाला धुतलं, शिंगं रंगवली, आणि पेटीत जपलेला पांढरा रेशमी शेला माझ्या गळ्यात घातला. आम्ही ऐटीत तोरणाखाली उभे राहिलो. डफडं थांबलं.

"अवो बाई, सणाच्या दिवशी बैलाले पांढरं?" पाटील गरजले. "मयतावर घालते तसं! न्या माघारी!"

ल्हामोबाईनं शेल्याचं टोक मुठीत धरलं. "आमच्यात ज्याले मान द्याचा, त्याच्या गळ्यात हाच घालते," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या लग्नातला आहे. सासूनं घातला होता."

तेव्हा पूजेचं ताट घेतलेल्या शकुनबाई, पाटलांच्या म्हाताऱ्या आई, पुढं झाल्या.

"मारोत्या, लग्नाच्या शेल्यात मयत कुठून दिसलं रे तुले? अन् पांढरं खुपतेच डोळ्यात, तं गावात हळदीचा दुष्काळ पडला का?" मग ल्हामोबाईकडं वळून हळूच, "लावू का वं पोरी?"

तिनं मान डोलावली. शकुनबाईंनी हळद कालवली, शेल्याला फासली. ल्हामोबाईनंही हात बुडवले. दोघी कोपरापर्यंत पिवळ्या! जागेश्वरनं तिथल्या तिथं पोळ्याचं गाणं, म्हणजे झडती, रचून गायली:

हिमाचा शेला, धानाचा देश,
हळदीनं केला नवरीचा वेश,
कॅम्पाची जोडी तोरणात आली,
पाहुणी होती, घरची झाली!

"हर बोला, हर हर महादेव!" सारं गाव गरजलं, पाटलांचा आवाज सगळ्यांत मोठा. तोरण तोडून पोळा सुटला आणि मी वासरासारखा उधळलो. ल्हामोबाई कासरा धरून हसत हसत मागं. दारोदारी बायकांनी मला ओवाळलं, पुरणपोळी भरवली.

मित्रांनो, आता माझ्यानं नांगर ओढवत नाही. वेळेवर पाणी दाखवा, सावलीत बांधा, एवढं पुरे. आणि तुमच्या गावात कुणी दुरून येऊन वेगळ्याच रंगात उभं राहिलं, तर माघारी धाडण्याआधी विचारा, "हे कायले घातलं?" उत्तर ऐकेपर्यंत तोरण थोडं थांबू शकतं.